फाटक उघडेपर्यंत

हार्डांगरच्या पठारावरचा रस्ता बंद आहे.
फाटकाचा लाल दिवा बर्फात अर्धा बुडालाय,
त्याच्यामागे अकरा गाड्या,
शेपटाला नाक लावून उभ्या.
मी बर्फाच्या नांगरात कॉफी पीत बसलोय.
वारा पडला की मीच त्यांना पलीकडे नेणार.
तोवर काच दोन बोटं उघडी ठेवतो
आणि ऐकतो.

थंडीत पाय आपटत उभ्या माणसांचे विषय ठरलेले:
मासे, सासू,
आणि अलीकडे गाड्या.

आस्लाकची निळी, विजेवरची, नवीकोरी.
घरून निघालो तेव्हा एकोणऐंशी टक्के, तो सांगतो,
आता एक्केचाळीस.
घरात कुणाला ताप असावा
तसा आकडा सांगतो.
'उन्हाळ्यात बघ, पाण्याच्या भावात फिरतो.
रात्री गोठ्यापाशी जोडायची,
सकाळी धारा काढून येईतो भरलेली.
ऑइल नाही, पट्टा नाही, मेकॅनिकचं तोंड बघणं नाही.'
'आणि हिवाळ्यात?' तुर्ग्रिम विचारतो.
आस्लाक टोपी कानांवर ओढतो.
घोडं तिथेच पेंड खातं.

तुर्ग्रिमची डिझेल, तेवीस वर्षांची,
मागचं दार दोरीनं बांधलेलं.
'वास मारते, खाते, खोकते,
पण तिला विचारावं लागत नाही,
बाई, तुझ्यात किती जीव उरलाय?'
तो बोनेटवर थाप मारतो, घोड्याच्या मानेवर मारावी तशी,
आणि बर्फाचा थर घसरून त्याच्याच बुटांवर पडतो.

मग कर, टोल, फेरीबोटीचं भाडं,
चार्जरपाशी सहा गाड्या आणि चालू प्लग एकच,
दहा वर्षांनी ती बॅटरी कुणाच्या गळ्यात बांधायची.
हिशेब दोघांचेही बरोबर.
उत्तरं दोन.

गुनवोर इतका वेळ
आपल्या पांढऱ्या छोट्या गाडीतून ऐकत होती.
'माझा कुत्रा,' ती म्हणते.
दोघे वळतात.
'जुन्या गाडीचा आवाज त्याला
गिरणीच्या वळणापासून कळायचा.
मी पोचेपर्यंत हा दारात.
आता मी येते, उतरते, किल्ली लावते,
तर हा शेगडीपाशी झोपलेला.
एक डोळा उघडून बघतो,
ही कोण, कुठून उगवली?
बाकी गाडीला नाव ठेवायला जागा नाही.'

'वळणावर हॉर्न वाजव की.'
'वाजवते. त्याला वाटतं, दुसरंच कुणी.'

पुढे कुणी टक्क्यांचं काढलं नाही.

तासाभराने तुर्ग्रिमची गाडी एकदा खोकली
आणि गप्प झाली.
त्याने दोनदा किल्ली फिरवली, तिसऱ्यांदा नाही.
गेला, आस्लाकच्या गाडीत गरम सीटवर बसला.
'अडतीस,' आस्लाक म्हणाला.
'माझ्यामुळे कमी होतील?'
'बसण्याने नाही. बोलण्याने.'

रेडिओ खरखरला. निघा.
मी माझं इंजिन चेतवलं,
घोटाघोटानं पिणारं हे धूड,
याचे फायदे-तोटे मला अजून कुणी विचारलेले नाहीत.
मागे दहा गाड्या. अकरावी फाटकाशी,
हळूहळू पांढरी होत.

पूर्वी मी त्यांना कानांनी मोजायचो.
आता सारखं आरशात बघावं लागतं:
आहेत का रे?
पांढऱ्यात दिव्यांच्या जोड्या,
एक विझल्यासारखी, मग परत,
आणि माझ्याशिवाय कुणाचाच आवाज नाही.

उतार लागला. पहिली घरं आली.
गिरणीच्या वळणावर मी रेस वाढवली,
काही गरज नव्हती.
कुठेतरी आत एक कुत्रं भुंकलं.
तिचंच होतं का,
विचारायला मी थांबलो नाही.